कायदा, राज्यशास्त्र, मानसशास्त्र : गटातल्या बाईनं शिकावं कशासाठी आणि कुठे?



रोवणी आटोपली की हाताला जराशी उसंत मिळते. याच दिवसांत मुक्त विद्यापीठांचे प्रवेश सुरू असतात, आणि गटाच्या बैठकीत हमखास एक प्रश्न निघतो, "ताई, आता या वयात शिकायचं तर काय शिकावं?" शिवणकाम, पार्लर, संगणक ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. आज मी तीन वेगळ्या विषयांबद्दल बोलणार आहे : कायदा, राज्यशास्त्र आणि मानसशास्त्र. नावं जड वाटतात. पण गावात एखाद्या बाईवर संकट आलं की आधी दार वाजतं ते गटाच्या अध्यक्ष ताईचं, नाही तर सीआरपी ताईचं. त्या वेळी जे माहीत असायला हवं ते याच तीन विषयांत आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, पवनी तालुक्यातल्या एका गावात एका बाईचा नवरा अचानक वारला. मागे दीड एकर धानाची जमीन, दोन लहान मुली आणि घरात म्हातारी सासू. जमीन नवऱ्यानं स्वतः विकत घेतलेली, सातबारा त्याच्या एकट्याच्या नावावर. तेरवीच्या आदल्या दिवशी दीर एक कागद घेऊन येतो. म्हणतो, "वहिनी, इथं सही करा. तुम्हाला ऑफिसच्या चकरा नकोत, मी बघतो सगळं." बाई सुन्न बसली आहे. पेन तिच्या हातात दिलेला आहे. आणि तुम्ही तिथं हजर आहात.

अशा वेळी तीन प्रश्न मनात यायला हवेत. हिचा हक्क काय आहे? तो कागदावर आणायचं काम कुणाच्या हातात आहे? आणि आज, या घटकेला, हिला किती झेपणार आहे? पहिला प्रश्न कायद्याचा, दुसरा राज्यशास्त्राचा, तिसरा मानसशास्त्राचा.

पहिला प्रश्न : हक्क काय?

हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे. तो हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू होतो. नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या स्वतःच्या मालमत्तेत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना सारखा हिस्सा मिळतो. आपल्या उदाहरणात बायको, दोन मुली आणि सासू अशा चौघी वारस आहेत, प्रत्येकीचा पाव हिस्सा. या चौघी असताना दिराला त्यात वाटा नाही. आदिवासी आणि मुस्लिम कुटुंबांत वारसाचे नियम वेगळे आहेत, म्हणून आधी कुटुंब कोणतं ते विचारायचं आणि मगच बोलायचं. जमीन वडिलोपार्जित असली तरी हिशेब बदलतो. कायदा शिकलेली बाई छातीठोक उत्तर द्यायच्या आधी हे दोन प्रश्न विचारते. शिक्षणाचा पहिला फायदा हाच.

दिरानं आणलेला कागद बहुधा हक्कसोडपत्र असणार. जमिनीचा हक्क सोडायचा असेल तर तो कागद दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो, नुसती घरी सही करून तो पक्का होत नाही. तरीही न वाचता सही करायचीच नाही, कारण तोच कागद पुढे भांडणाचं मूळ होतो. आणि मुली अज्ञान आहेत. त्यांच्या नावावरची जमीन न्यायालयाच्या परवानगीशिवाय आईलासुद्धा विकता किंवा सोडून देता येत नाही. सातबाऱ्यावर मुलीच्या नावापुढे "अ.पा.क." असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. त्याचा अर्थ अज्ञान पालनकर्ता. त्या जागी आईचं नाव लागतं. आई मुलीची जमीन सांभाळते, मालकी मुलीचीच राहते.

दुसरा प्रश्न : काम कुणाच्या हातात?

हक्क असणं आणि तो सातबाऱ्यावर दिसणं यांत बरंच अंतर असतं. ते अंतर ऑफिसांतून आणि सभांतून कापावं लागतं. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्यायचा. सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र. तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घेतात आणि सगळ्या संबंधितांना नोटीस काढतात. हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत आली नाही, तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली, तर त्यावर सुनावणी होते. अर्ज दिला की पोच घ्यायची. पोच नसेल तर अर्ज दिला होता हे पुढे कुणाला दाखवणार? अर्जाचं काय झालं ते कळत नसेल तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली विचारता येतं. त्याची फी १० रुपये, आणि उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.

गोसेखुर्दच्या पाण्यानं ज्यांची गावं उठली, त्या बायांना नोंदीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. मोबदल्याची नोटीस कागदावरच्या नावाला येते. ज्याचं नाव नाही त्याला आपला हक्क आधी सिद्ध करत बसावं लागतं.

"राज्यशास्त्र म्हणजे पुढाऱ्यांचा विषय" असं आपल्याला वाटतं. पण कोणता निर्णय कुठं होतो आणि तिथं आपलं म्हणणं कसं पोचतं, हा त्या विषयाचा गाभा आहे. महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायांसाठी राखीव आहेत. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची, असं आपला ग्रामपंचायत कायदाच सांगतो. गावातल्या प्रलंबित वारस नोंदी चावडीवर वाचून दाखवा, अशी मागणी त्या महिला सभेत करता येते. ग्रामसभा कुणाची मालकी ठरवू शकत नाही, पण लपलेली गोष्ट चारचौघांत आणू शकते. एका विधवेनं एकटीनं मागितलं तर ते दिराशी भांडण दिसतं. पन्नास जणींनी सगळ्या गावाच्या नोंदी मागितल्या तर तो सभेचा विषय होतो.

कायदासुद्धा असाच सभांतून येतो, आणि या गोष्टीत आपल्या जिल्ह्याचाही धागा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ मध्ये कायदामंत्रिपद सोडलं. बायांना वारसाहक्क देऊ पाहणारं हिंदू कोड बिल रखडलं, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. १९५४ मध्ये ते भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि हरले. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, याच भंडाऱ्यानं अनसूयाबाई बोरकर यांना लोकसभेत पाठवलं. आणि १९५६ मध्ये संसदेनं वारसा कायदा मंजूर केला. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मापासून हक्क मिळायला मात्र देशपातळीवर २००५ साल उजाडलं. मधली ४९ वर्षं कुणीतरी मागत राहिलं, म्हणून तो मिळाला.

तिसरा प्रश्न : तिला किती झेपेल?

आता समजा, तुम्हाला कायदा ठाऊक आहे, ऑफिसही ठाऊक आहे. तुम्ही त्या बाईला म्हणता, "चला, उद्याच अर्ज करू." ती म्हणते, "जाऊ द्या ताई, मला भांडण नको." तुम्हाला तिचा रागही येतो. इथं तिसरा विषय कामी येतो.

ताज्या दुःखात माणसाला नीट विचार करता येत नाही. झोप नसते, भूक नसते, सांगितलेलं डोक्यात राहत नाही. शिवाय तिची भीती खोटी नाही. पुढच्या हंगामात ट्रॅक्टर दिराचा लागणार, पोरींच्या लग्नात काका म्हणून तोच उभा राहणार. तिला फक्त "घाबरू नका" म्हणून भागत नाही. म्हणून पहिल्या दिवशी एवढंच करायचं : "तेरवी होऊ द्या, सही कशावरच नको, महिन्याभरानं बसून बोलू." ही एवढी मुदत मिळवली तरी मोठं काम झालं. नंतर तिच्याजवळ बसायचं आणि आपण कमी बोलायचं. "तुम्ही असं का केलं नाही?" हा प्रश्न विचारायचा नाही, कारण तो आरोपासारखा लागतो. "आता सगळ्यात जास्त कशाची काळजी वाटते?" असं विचारलं की ती बोलू लागते. तिनं सांगितलेलं पाणवठ्यावर जाता कामा नये. आणि शेवटी निर्णय तिचा. पूर्ण माहिती घेऊनही ती आज थांबायचं म्हणाली, तर थांबायचं.

मात्र "मला जगावंसं वाटत नाही" असं ती म्हणाली, तर ते हसण्यावारी न्यायचं नाही. तिला सरळ विचारायचं, "मरणाचे विचार येतात का?" असं विचारल्यानं विचार डोक्यात भरत नाही, उलट तिला मोकळं व्हायला जागा मिळते. तिला एकटी सोडायचं नाही, घरातलं फवारणीचं औषध कुलपात ठेवायचं किंवा दुसरीकडे न्यायचं, आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन लावायचा. हा सरकारी क्रमांक आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मोफत आहे. लगेच धोका दिसत असेल तर १०८ ची गाडी बोलवा किंवा तिला सरळ जिल्हा सामान्य रुग्णालयात न्या.

शिकायचं कुठे?

कायद्यापासून सुरुवात करू, कारण तिथलं दार सगळ्यात जवळ आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं २००९ मध्ये विधी स्वयंसेवकांची योजना आणली. ऑफिसात याला पीएलव्ही म्हणतात, म्हणजे पॅरा लीगल व्हॉलंटिअर. निवड आणि प्रशिक्षण जिल्हा विधी सेवा प्राधिकरण करतं. आपलं प्राधिकरण भंडाऱ्याला जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे आणि तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. कुणाला घ्यावं याची जी यादी योजनेत दिली आहे, तिच्यात शिक्षक, अंगणवाडी सेविका यांच्यासोबत बचत गटाच्या सदस्यांचंही नाव आहे. शिक्षण शक्यतो दहावी असावं असं म्हटलं आहे. निवड झाली की प्रशिक्षण आणि ओळखपत्र मिळतं, आणि नेमून दिलेल्या कामाच्या दिवसाचं मानधन मिळतं. ही नोकरी नाही, पगार नाही. ज्या बाईला मदत केली तिच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. विधी स्वयंसेवक वकील नसते, न्यायालयात बाजू मांडू शकत नाही. ती अर्ज लिहायला मदत करते, सोबत जाते आणि वकिलापर्यंत पोचवते. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कुठल्याही बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. त्याचा मदत क्रमांक १५१००. आज काहीच शिकायला जमणार नसेल, तर हा एवढा आकडा तरी पाठ करा.

बारावी झालेल्यांसाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची, म्हणजे इग्नूची, पॅरालीगल प्रॅक्टिसची एक वर्षाची पदविका आहे. तिची पुस्तकं मराठीत नाहीत, हे लक्षात घेऊन हिंदी वाचायची तयारी ठेवा. इग्नूचं प्रादेशिक केंद्र नागपूरला आहे.

राज्यशास्त्र मराठीतून शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. ते १९८९ मध्ये स्थापन झालं. तिथं बीए करता येतं, पुस्तकं मराठीत मिळतात आणि रोज वर्गात बसावं लागत नाही. रोज जाणं शक्य असलेल्या मुलींना नागपूर विद्यापीठाशी जोडलेली आपल्या जिल्ह्यातली कला महाविद्यालयं आहेतच.

मानसशास्त्राबाबत जरा जपून ऐका. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे पदवी अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं शिकवायला बंदी केली आहे. म्हणजे "घरबसल्या मानसशास्त्राची पदवी" अशी जाहिरात आता दिसली, तर पैसे भरू नका. पदवी हवी असेल तर नियमित कॉलेजातच प्रवेश घ्यावा लागेल, आणि आपल्या कॉलेजात हा विषय आहे का ते आधी विचारावं लागेल. दोन-चार महिन्यांच्या प्रमाणपत्रावर कुणी मानसोपचार करू शकत नाही, हेही ध्यानात ठेवा. गावात आपलं काम ऐकण्याचं, धीर देण्याचं आणि वेळेत डॉक्टरपर्यंत नेण्याचं आहे.

ज्यांची शाळा मध्येच सुटली, त्यांच्यासाठी एक वाट आहे आणि ती फार थोड्या जणींना माहीत आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, जिला एनआयओएस म्हणतात, तिथं बारावीला राज्यशास्त्र, मानसशास्त्र आणि कायद्याची ओळख हे तिन्ही विषय घेता येतात. त्यांना एखादी भाषा आणि आणखी एक विषय जोडला की पाच विषय पूर्ण. इथंही अभ्यास हिंदीतून करावा लागेल. दहावी झालेली असावी लागते. परीक्षा वर्षातून दोनदा होते, नोंदणी पाच वर्षं चालते आणि एकेक विषय करत पुढे जाता येतं. एका हंगामात एक विषय, असं धान कापणीच्या आगेमागे बसवता येतं. दहावीच राहिली असेल तर ती इथूनही होते, किंवा राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून मराठीतून देता येते.

पैसे भरण्याआधी

कुठंही पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. हा अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाचा किंवा मंडळाचा आहे? त्याला या वर्षाची मान्यता आहे का? पुस्तकं कोणत्या भाषेत आहेत? परीक्षा कुठल्या गावी द्यायची? उत्तर गुळमुळीत मिळालं तर घरी परत या. मान्यता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येते. ग्रामपंचायतीच्या आपले सरकार केंद्रात बसून गटातल्या शिकलेल्या मुलीकडून ते पाहून घ्या.

दुसरी अडचण नावाची. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. दूरस्थ प्रवेशाला आता आधारशी जोडलेले ओळख क्रमांक लागतात, तिथं नाव जुळलं नाही की अर्ज अडतो. विवाह नोंदणीचा दाखला आधी काढून ठेवा. गरज पडली तर नावबदल राजपत्रात छापून घ्या. हे काम प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात होत नाही, महिनाभर आधी सुरू करावं लागतं.

आणि सगळं एकटीनं शिकायची गरज नाही. गटात दहा-बारा जणी असतात. एकीनं विधी स्वयंसेवकाच्या प्रशिक्षणाला जावं. एकीनं राज्यशास्त्र घेऊन बीए पूर्ण करावं आणि महिला सभेचा अजेंडा लिहावा. एकीनं आशाताईंच्या सोबतीनं दुःखातल्या घरी जाऊन ऐकायचं काम अंगावर घ्यावं आणि जमेल तेव्हा बारावीचं मानसशास्त्र करावं. तिघी एका गावात असल्या, तर तेरवीच्या आदल्या दिवशी पेन हातात दिलेली बाई एकटी राहणार नाही.

पुढच्या बैठकीत वसुली आणि बचतीचा हिशेब झाला की पंधरा मिनिटं याला द्या. कुणाची दहावी झाली आहे, कुणाची राहिली आहे, कुणाच्या दाखल्यावर कोणतं नाव आहे, एवढी यादी करा. मग तालुक्याच्या न्यायालयात जाऊन विचारा, विधी स्वयंसेवकांची पुढची निवड कधी आहे. दोघी मिळून जा, आणि जे उत्तर मिळेल ते बैठकीच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा.